शांतीचे शिक्षण म्हणजे गप्प बसण्याचे शिक्षण नव्हे

पदवीनंतर मुलीने ‘शांतता व संघर्ष’ या विषयात एम.ए. करते म्हटले, की घरात पहिला प्रश्न येतो : यातून नोकरी कोणती? दुसरा मनातच राहतो : गप्प राहा, हे तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यासाठी विद्यापीठ कशाला?

दुसऱ्याचे उत्तर आधी देऊ. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभारली. मारहाण हीच हिंसा नव्हे. समाजरचनेमुळे माणूस उपाशी व अडाणी राहतो तीही हिंसाच, असे त्यांनी १९६९ साली मांडले. आपल्याला हे नवे नाही. १९२७ च्या सत्याग्रहापूर्वी महाडच्या तळ्यावर भांडण दिसत नव्हते, पण पाणी आपल्याला बंद होते. त्याला शांतता कोण म्हणेल?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघाने कोलियांशी युद्ध ठरवले. सिद्धार्थांनी सुचवले, दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा व तंटा मिटवावा. बहुमताने ते नाकारले. सिद्धार्थ डगमगले नाहीत. त्यांनी गृहत्याग पत्करला. आज विद्यापीठांत मध्यस्थी म्हणून शिकवतात ते हेच.

आता शिक्षणाची सोय. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात नेल्सन मंडेला यांच्या नावाचे केंद्र २००४ पासून आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात हा विभाग १९७३ साली सुरू झाला. परदेशासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. रोटरीची शांतता फेलोशिपही शिक्षणाचा व राहण्याचा खर्च उचलते. तिला कामाचा अनुभव मात्र लागतो. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास व समाजावरील संशोधनाचे विषय वगळले गेले. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीचे नियम मुलांसोबत बसून वाचा.

राहिली नोकरी. मदतसंस्था, संशोधन, अध्यापन, पत्रकारिता ही क्षेत्रे आहेत. पण पदवी मिळताच पगार सुरू होईल, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. घरावर कर्ज असेल तर आधी नोकरी, मग हे शिक्षण, हाही मार्ग आहे.

तंटे आपल्या वस्तीच्या दाराशी येतातच. ते मिटवायला बसणाऱ्यांत आपली शिकलेली लेक असावी, एवढेच आमचे सांगणे. जयभीम!