विचार मांडा, विष पेरू नका!

एखादा धर्मांध पुढारी सभेत गरळ ओकतो आणि रात्रभर तेच वाक्य दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले जाते. कोणी आक्षेप घेतला की उत्तर ठरलेले, 'देशात विचारस्वातंत्र्य आहे!' आम्हाला विचारस्वातंत्र्य नको आहे काय? ज्या समाजाला शतकानुशतके मुके ठेवले गेले, त्याच्याइतकी या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या कोणाला कळणार? १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आपण अधिक जबाबदारीने केला पाहिजे.

अतिरेकी विचारांना प्रसारमाध्यमांत जागा द्यावी काय? २२ ऑक्टोबर २००९ रोजी बीबीसीने 'क्वेश्चन टाइम' या कार्यक्रमात ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नेते निक ग्रिफिन यांना बोलावले. या पक्षात तेव्हा गोऱ्यांखेरीज कोणाला सभासदत्व नव्हते. बाहेर निदर्शने झाली, घरोघरी सुमारे ८० लाख लोकांनी कार्यक्रम पाहिला. परंतु तेथे ग्रिफिन यांना एकट्याने भाषण ठोकता आले नाही. शेजारी कृष्णवर्णीय लेखिका बॉनी ग्रीर बसल्या होत्या, समोर जाब विचारणारे प्रेक्षक होते. २०१० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची मते वाढली, पण जागा एकही आली नाही. खुद्द ग्रिफिन पराभूत झाले.

आता रवांडाकडे पाहा. तेथे १९९३ मध्ये 'आरटीएलएम' हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी, गप्पा, विनोद यांमुळे ते लोकप्रिय झाले. त्याच गप्पांतून तुत्सी लोकांना 'झुरळे' म्हटले जाऊ लागले. १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर माणसांची नावे आणि लपण्याची ठिकाणेही रेडिओवरून सांगितली गेली. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रेडिओचे दोन संस्थापक व 'कांगुरा' नियतकालिकाचा संपादक यांना दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात काही आरोप रद्द झाले, शिक्षा कमी झाल्या. तरी माध्यमातून नरसंहाराला चिथावणी देणे हा गुन्हा आहे, हे तत्त्व कायम राहिले. कत्तलीपूर्वी माणसाचे झुरळ करावे लागते, आणि ते काम शब्द करतात. ज्यांची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग बंदीची कुऱ्हाड सरसकट चालवावी काय? मुळीच नाही! ती कुऱ्हाड प्रथम आमच्यावरच पडते. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले, तेव्हा राम-कृष्णावरील परिशिष्टाने भावना दुखावल्याची ओरड झाली आणि ते वगळण्याची मागणी पुढे आली. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा विराट मोर्चा निघाला. अखेर शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप घालून परिशिष्ट राखले गेले.

या दोन घटनांतील फरकच आमची कसोटी आहे. ग्रंथ, देव, रूढी, पुढारी यांची चिकित्सा हा विचार आहे. आमच्या पुढाऱ्यांवर टीका झाली तरी तिला उत्तर लेखणीनेच दिले पाहिजे. मात्र जिवंत माणसांच्या समूहाला कीड ठरवणे, त्यांच्यावर हल्ल्याची चिथावणी देणे हा विचार नव्हे. राज्यघटनेचे कलम १९(१) अभिव्यक्तीचा हक्क देते, तर १९(२) सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी अशा कारणांसाठी वाजवी निर्बंधांची मुभा देते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही जातीवरून चारचौघांत केलेला अपमान गुन्हाच मानतो.

प्रसारमाध्यमांकडे आमची मागणी साधी आहे. विद्वेषी वक्तव्याची बातमी जरूर द्या, पण त्याची जाहिरात करू नका. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे जाब विचारा. आणि ज्यांच्याविरुद्ध तो बोलतो, त्यांनाही त्याच मंचावर खुर्ची द्या. ती खुर्ची रिकामी ठेवून चालवलेल्या चर्चेला विचारस्वातंत्र्य म्हणणे ही आमची फसवणूक आहे.