बटण न दाबण्याची कला: बेसबॉल गेममधली बॅटिंग

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी चारदा "अं" म्हटलंय, ते काढलंय. बाकी तसंच आहे.

डिसेंबरात माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून तीन आठवडे ठाण्याला आला. सोबत पीएस5. मी खूश! पण त्यात क्रिकेट नाही, फुटबॉल नाही, फक्त 'एमएलबी द शो'. दादाने पैज लावली की रात्री जो हरेल त्याने सकाळी सगळ्या घरासाठी मिसळ आणायची. घरात माणसं सात. पहिल्या आठवड्यात सहा दिवस मीच डबा घेऊन रांगेत उभा होतो. पहिल्या मॅचमध्ये माझे 27 आउट झाले, त्यातले 16 स्ट्राइकआउट. म्हणजे बॉलला बॅट लागलीच नाही किंवा मी बघत बसलो. खरं सांगायचं तर बघत फारसा बसलोच नाही. दांडपट्टा फिरवल्यासारखी बॅट फिरवत होतो.

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही, त्यांच्यासाठी एका दमात नियम. बॅटरसमोर हवेत एक अदृश्य चौकट असते, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. रुंदी होम प्लेटएवढी, उंची साधारण गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत. बॉल चौकटीतून गेला आणि तुम्ही मारला नाही, तर स्ट्राइक. चौकटीबाहेर कुठेही गेलेल्या बॉलवर बॅट फिरवली आणि हुकली, तरी स्ट्राइक. चौकटीबाहेरचा बॉल सोडला, तर त्याला 'बॉल' म्हणतात. तीन स्ट्राइक झाले की आउट. चार बॉल झाले की चालत पहिल्या बेसवर, फुकटात. त्याला वॉक म्हणतात.

आता बघा, इथेच आपण क्रिकेटवाले फसतो. ट्वेंटी-20 बघून वाढलेल्या माणसाला सोडलेला बॉल म्हणजे वाया गेलेला बॉल वाटतो. मोबाइलवरच्या क्रिकेट गेमने तर ही सवय हाडात मुरवलीय. बॉल आला की बोट चाललंच पाहिजे. बेसबॉलमध्ये बाहेरचा बॉल सोडला की तुमच्या खात्यात काहीतरी जमा होतं. जुन्या कसोटीतल्या ओपनरला हा खेळ लगेच कळला असता. ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडायला तो लाजत नव्हता.

तीन बटणं आणि माझा लाडका चौकोन

'द शो'मध्ये बॅटिंगच्या तीन पद्धती आहेत. टायमिंगमध्ये फक्त वेळ साधायची. डिरेक्शनलमध्ये वेळ साधायची आणि बॉल कुठल्या दिशेला पाठवायचा तो कल द्यायचा, बाकी गेम बघतो. झोनमध्ये सगळं आपल्या अंगावर. डाव्या स्टिकने स्क्रीनवर एक खूण हलवायची, तिला पीसीआय म्हणतात. बॅट जिथे बॉलला भेटेल ती जागा म्हणजे ही खूण, असं समजा. ती बॉलवर नेऊन ठेवायची आणि वेळेवर बटण दाबायचं. नवीन असाल तर डिरेक्शनलने सुरुवात करा, लाज वाटायचं कारण नाही. पण डोळा तयार करायचा असेल तर शेवटी झोनवर यावंच लागतं.

झोनमध्ये स्विंग तीन. प्लेस्टेशनवर एक्स म्हणजे नॉर्मल, वर्तुळ म्हणजे कॉन्टॅक्ट, चौकोन म्हणजे पॉवर. कॉन्टॅक्टमध्ये पीसीआय मोठा होतो, बॉलला बॅट लागण्याची शक्यता वाढते, पण फटक्यात जीव कमी. पॉवरमध्ये उलटं: पीसीआय आकसतो, पण नेमका बसला तर बॉल बंदुकीच्या गोळीसारखा जातो. मी काय केलं असेल? चौकोन, चौकोन, चौकोन. माझ्या डोक्यात चौकोन म्हणजे सिक्सरचं बटण होतं. तसं ते नाही. ते निशाणी लहान करून घ्यायचं बटण आहे. ज्याला मोठी निशाणीही सापडत नाही, त्याने ती आणखी लहान करून घेण्यात काय अर्थ?

खऱ्या मैदानावरही हीच ओढाताण असते. यँकीजच्या आरन जज्जने 2022 मध्ये 62 होमरन मारले, अमेरिकन लीगचा विक्रम. त्याच वर्षी तो 175 वेळा स्ट्राइकआउट झाला. दुसऱ्या टोकाला टोनी ग्विन, सॅन डिएगो पाड्रेजचा. 20 मोसमांच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याचे स्ट्राइकआउट फक्त 434. गेम बनवणारे हाच फरक खेळाडूंच्या आकड्यांमध्ये घालतात. कॉन्टॅक्टचा आकडा मोठा असलेल्या बॅटरचा पीसीआय मुळातच ऐसपैस असतो. लुईस अराएझसारख्या बॅटरला घेऊन पॉवर स्विंग मारणं म्हणजे सतारीने खिळा ठोकणं. आणि जज्ज हातात असेल तर नॉर्मल स्विंगवरही बॉल प्रेक्षकांत जातो. माझा आताचा हिशेब असा: दहापैकी आठ-नऊ वेळा नॉर्मल. उरलेल्या वेळी काय, ते काउंट सांगतो.

काउंट म्हणजे किती बॉल, किती स्ट्राइक. पहिला आकडा बॉलचा. 3-1 म्हणजे तीन बॉल, एक स्ट्राइक. अशा वेळी पिचर अडचणीत असतो. आणखी एक बॉल गेला तर वॉक, म्हणून तो चौकटीत टाकायला बघतो, आणि बहुतेक वेळा सरळ फास्टबॉल. 2-0 लाही तेच. इथे चौकोनाला हात लावायला हरकत नाही, पण एका अटीवर. मनात आधीच एक छोटी जागा ठरवायची, समजा आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. बॉल तिथे आला तरच मारायचा. नाही आला तर चौकटीत असला तरी सोडायचा. एक स्ट्राइक गेला तर जाऊ दे.

0-2 किंवा 1-2 असेल तर चित्र बदलतं. आता चौकटीच्या काठावरचा बॉलही सोडता येत नाही. इथे नॉर्मल, आणि अगदीच नजर बसत नसेल तर कॉन्टॅक्ट. एक गोष्ट आपल्या बाजूने असते. दोन स्ट्राइक असताना बॉल नुसता फाउल गेला तर आउट नाही, पुन्हा खेळायचं. (बंट करताना फाउल गेला तर मात्र आउट, हे मी रडत शिकलो.) वाईट बॉल घासून फाउल करत राहिलात की समोरचा कंटाळतो, आणि त्याचा पिचर थकतो. 'द शो'मध्ये पिचरची दमछाक मोजली जाते. जितके जास्त बॉल टाकायला लावाल, तितका त्याचा नेम सुटत जातो. दादाचा आवडता पिचर माझ्याविरुद्ध आधी आठव्या इनिंगपर्यंत हसत टाकायचा. मी सोडायला लागल्यावर पाचव्यातच त्याची जीभ बाहेर.

77 बॉलांची चौकट

बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने 1941 मध्ये 0.406 सरासरी काढली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये अख्खा मोसम खेळून 0.400 कोणालाच गाठता आलेले नाही. त्याने 'द सायन्स ऑफ हिटिंग' नावाच्या पुस्तकात स्ट्राइक झोन 77 बेसबॉलांनी भरून दाखवलाय: 7 रुंद, 11 उंच. प्रत्येक बॉलवर आकडा, की इथे आला तर माझी सरासरी किती. मधोमध 0.400. खाली आणि बाहेरच्या कोपऱ्यात 0.230. दोन्ही स्ट्राइकच आहेत हां! नियमाने सारखे, पण बॅटरसाठी जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून तो म्हणायचा की आधी मारण्याजोगा बॉल मिळवा. हे चित्र शोधून फोनवर ठेवा. मी वॉलपेपर केलं होतं.

सोडणं अवघड का जातं, ते वेळेत आहे. पिचरच्या पायाखालची पट्टी ते होम प्लेट, अंतर 18.44 मीटर. ताशी 153 किलोमीटरचा फास्टबॉल हातातून सुटल्यावर साधारण 0.4 सेकंदात पोचतो. चेंजअप म्हणजे त्याच हाताने, त्याच ॲक्शनने टाकलेला पण ताशी 12-15 किलोमीटरने हळू बॉल. तो जेमतेम 5 शतांश सेकंद उशिरा येतो. तेवढ्यात आपला अंगठा आधीच चालून गेलेला असतो. म्हणून मनात फास्टबॉलची वेळ धरून बसायचं आणि हळू बॉलसाठी थांबायचं. उलटं जमत नाही. हळूची वाट बघत बसलात तर फास्टबॉल येऊन जातो. तसंच पीसीआय चौकटीच्या वरच्या भागात ठेवायचा. वरचा फास्टबॉल सगळ्यात कमी वेळ देतो. खाली यायला थोडी सवड मिळते.

बटण दाबून धरलं तर पूर्ण स्विंग होतो, नुसती टिचकी मारून सोडलं तर बॅट अर्ध्यात थांबते. हा चेक स्विंग अधूनमधून वाचवतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

प्रत्येक स्विंगनंतर स्क्रीनवर एक छोटी चौकट येते: बॉल कुठे होता, पीसीआय कुठे होता, वेळ लवकर की उशिरा. मी आठवडाभर तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दादाने एक दिवस कंट्रोलर काढून घेतला आणि म्हणाला, "अरे, तू बॉल बघतच नाहीस. त्याने हात वर केला की तू बटण दाबतोस." मग चौकट वाचायला शिकवलं. पीसीआय बॉलच्या वर राहिला तर फटका जमिनीवर, फार खाली राहिला तर नुसता उंच झेल. किंचित खाली हवा. उजव्या हाताच्या बॅटरने लवकर मारला तर बॉल डावीकडे, उशिरा मारला तर उजवीकडे. त्यामुळे अंगाजवळचा बॉल जरा आधी गाठायचा, बाहेरचा जरा उशिरा. बाहेरचा बॉल ओढून डावीकडे मारायचा हट्ट मी फार केला, आणि दादाच्या शॉर्टस्टॉपला फुकट व्यायाम दिला.

एक अगदी घरगुती गोष्ट. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. आणि मला माहितीये, तुमच्यातले बरेच जण रिमोट प्लेने फोनवर खेळणार. वाय-फायवर चित्र येईपर्यंत जो उशीर होतो, तो 0.4 सेकंदांतून वजा होतो. फोनवर सतत 'लेट' दिसत असेल तर आधी स्वतःला शिव्या देऊ नका. वरची पातळीही घाईने घेऊ नका, तिथे पीसीआय आणखी बारीक होतो.

दादा जायच्या आदल्या रात्रीची मॅच. 4-4. नववी इनिंग, बॅटिंग माझी, दोन आउट, तिन्ही बेसवर माझी माणसं. काउंट 3-2. आई दोनदा "झोपा रे आता" म्हणून गेलेली. दोन स्ट्राइक झाले की दादा खाली पडणारा स्लायडर टाकतो, हे मला तीन आठवड्यांत पाठ झालेलं. पण वॉक दिला तर तो हरणार, म्हणजे तो चौकटीतही टाकू शकतो. माझा अंगठा एक्सवर. बॉल निघाला, कमरेच्या उंचीवर, अगदी मधोमध वाटला. अंगठा थोडा दबलाही असेल. मग बॉल खाली वळला आणि मी हात आखडला.

बॉल चार. पहिल्या बेसवर चालत गेलो, तिसऱ्यावरचा माणूस चालत घरी आला, मॅच संपली. दादा स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सोडलास? तू?"

सकाळी विमानाच्या आधी तो डबा घेऊन खाली गेला. सात जणांची मिसळ, पाव जास्त, तर्री वेगळी. पुढच्या भागात दुसरी बाजू, म्हणजे पिचर होऊन समोरच्याचा अंगठा कसा चाळवायचा.