काढ्याची ताकद मोजतात कशी?

मुलांनो, सफरचंदाची फोड कापून ठेवली की तपकिरी पडते, लिंबू चोळलं तर पडत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. हवेतला ऑक्सिजन हा उद्योग करतो. त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि ते रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट. आवळा, हिरडा, गुळवेल यांच्या औषधांच्या डब्यांवर हा शब्द हल्ली सर्रास दिसतो. पण ही ताकद तराजूत थोडीच घालता येते?

प्रयोगशाळेत त्यासाठी एक गमतीदार युक्ती वापरतात. डीपीपीएच नावाचं रसायन अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं दिसतं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो, जोडीदाराविना! अँटिऑक्सिडंट भेटला की त्याची जोडी जमते आणि जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ साली ही पद्धत मांडली.

मिश्रण अर्धा तास अंधारात ठेवतात. मग यंत्रात ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश सोडून द्रावणानं तो किती शोषला ते पाहतात. समजा, आधी आकडा ०.८० होता, काढा घातल्यावर ०.२० राहिला, म्हणजे ७५ टक्के काम झालं. पण काढा मुळातच तपकिरी! त्याचा रंग वेगळा मोजून वजा केला नाही, तर सगळं गणित चुकलंच.

शिवाय औषध बनवलं कसं, यावरही आकडा बदलतो. आयुर्वेदात स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट असे प्रकार आहेत. हिम रात्रभर गार पाण्यात भिजवून करतात, फांट चहासारखा गरम पाणी ओतून. प्रत्येकात वनस्पतीतलं वेगवेगळं काही उतरतं. तेव्हा नुसतं ‘आवळ्याची ताकद’ म्हणणं अर्धवटच.

आणि आईबाबांनो, परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. पचताना पदार्थ बदलतात, रक्तात थोडेच पोचतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अशाच आकड्यांची ‘ओरॅक’ नावाची यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण माल खपवायला कंपन्या ते आकडे सर्रास वापरत होत्या.

घरी करून पाहायचंय? मोठ्यांना सोबत घ्या. दोन वाट्यांत सारखंच पाणी आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब घाला. (हे पाणी प्यायचं नाही!) एकीत आवळ्याचा ताजा गाळलेला रस थेंबथेंब टाका. त्यातलं क जीवनसत्त्व तपकिरी रंग घालवतं. दुसरीत तोच रस दहा मिनिटं उकळून, आटलेलं पाणी पुन्हा भरून, गार झाल्यावर टाका. रंग जायला कुठे किती थेंब लागले, ते वहीत लिहून ठेवा.