इमारत पडल्यावरचा दंड

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे दगडावर कोरवून घेतले. त्यांत घर बांधणाऱ्यांसाठीही काही कलमे आहेत. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. भिंत कच्ची निघाली तर ती त्याने स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यायची. याहून कडक शिक्षा आजही कोणाला सुचणार नाही. पण शिक्षा कडक असली म्हणजे घरे पक्की होतात का?

उत्तर शोधण्यासाठी प्रथम काँक्रीटच्या खांबात डोकावू. खांबात उभ्या सळया असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा वेढलेल्या असतात. एरवी या रिंगांची खरी परीक्षा होत नाही. भूकंपात मात्र खांब पुढेमागे वाकतो आणि त्याचे बाहेरचे काँक्रीट तडकून गळून पडते. त्या वेळी आतले काँक्रीट जागेवर धरून ठेवायचे आणि उभ्या सळयांना बाहेर फुगू द्यायचे नाही, हे काम रिंगाच करतात. म्हणून भूकंपप्रवण भागात रिंगा जवळजवळ बांधाव्यात आणि त्यांची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत वळवून आत रुतवावीत असा नियम आहे. काटकोनातले टोक बाहेरचे काँक्रीट गळताच उलगडते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. खराट्याच्या वीतभर लांबीच्या सारख्या काड्यांची जुडी घ्या. ती फक्त दोन टोकांना रबराने बांधून वरून दाबा. काड्या मध्ये फुगतील. आता त्याच जुडीला दर बोटभर अंतरावर रबर बांधून पुन्हा दाबा. काड्या तेवढ्याच आहेत, पण जुडी कितीतरी जास्त भार सोसते.

अडचण अशी की, काँक्रीट ओतले की रिंगा दिसेनाशा होतात. चार रिंगांच्या जागी दोन घातल्या हे ओळखण्याची सोपी संधी जेमतेम एखाद्या दिवसाची असते. त्यानंतर इमारत रंगवली जाते, विकली जाते आणि वीस-पंचवीस वर्षे उभीही राहते. दोष उघड होतो तो भूकंपाच्या दिवशी.

आता थोडे अंकगणित करू. समजा, एका बांधकामात नियम मोडून ५ लाख रुपये वाचतात आणि पकडले गेल्यास दंड २० लाखांचा आहे. पकडले जाण्याची शक्यता दहात एक असेल, तर सरासरीने दंड पडतो २ लाख. म्हणजे नियम मोडणे फायद्याचेच. दंड दुप्पट केला तरी सरासरी ४ लाखच. उलट दंड २० लाखच ठेवून तपासणी इतकी वाढवली की दोनपैकी एक जण पकडला जाईल, तर सरासरी १० लाखांवर जाते. कागदावर दंड हवा तितका वाढवता येईल, पण ऐपतीबाहेरचा दंड वसूल होत नाही. शिवाय वीस वर्षांनी होणाऱ्या शिक्षेची भीती आजच्या नफ्यापुढे फिकी पडते.

या हिशेबाचा दाहक पडताळा तुर्कस्तानात मिळाला. तिथे १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात सरकारी आकड्यांनुसार सतरा हजारांवर माणसे दगावली. बिल्डरांवर खटले झाले, पण त्यांतले अनेक सवलतीच्या कायद्यामुळे किंवा मुदत उलटल्यामुळे शिक्षेविनाच संपले. २००१ मध्ये बांधकाम-तपासणीचा कायदा आला. तो आधी १९ प्रांतांत आणि २०११ पासून देशभर लागू झाला. मात्र तपासणी करणारी खासगी कंपनी व्यवहारात बांधकाम करणाराच निवडत असे. ज्याच्या पैशावर पोट, त्याच्याच चुका काढायच्या! ही निवड संगणकाकडे सोपवली गेली ती २०१९ मध्ये.

दरम्यान २०१८ मध्ये सरकारने परवान्याविना किंवा नियमबाह्य बांधलेल्या इमारतींना शुल्क भरून नोंदणीपत्र देण्याची योजना आणली. घरांसाठी हे शुल्क जमीन व बांधकाम यांच्या एकत्रित मूल्याच्या ३ टक्के होते. मालकाचे स्वतःचे निवेदन पुरेसे होते आणि भूकंपात टिकण्याची जबाबदारीही मालकाचीच, असे कायद्यात म्हटले होते. ७० लाखांहून अधिक अर्ज आले. पैसे भरल्याने कागद नियमित झाला, खांबातल्या रिंगा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ७.८ आणि ७.५ तीव्रतेचे दोन भूकंप झाले आणि एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक लोक मेले. त्यानंतर शेकडो बिल्डर व संबंधितांना अटक झाली. शिक्षा योग्यच, पण ढिगाऱ्याखाली गेलेल्यांना तिचा काय उपयोग?

दंड आणि किंमत यांतला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. दंड भरल्यावर चूक दुरुस्त करावी लागत असेल तर तो दंड. दंड भरून चूक तशीच ठेवता येत असेल, तर ती चुकीची किंमत झाली. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये नगररचना कायद्यात दुरुस्ती करून, २०१५ अखेरपर्यंतची काही अनधिकृत बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची तरतूद झाली. अशा प्रत्येक वेळी शुल्क किती, यापेक्षा खांब कोणी तपासला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

म्हणजे दंड नकोच असे नाही. तपासणीमागे दंडाचे बळ नसेल तर तिला कोणी जुमानणार नाही. पण तो काँक्रीट ओतण्यापूर्वी, काम थांबवून आणि चूक सुधारून घेऊन लागू व्हायला हवा. तुमच्या शाळेत नवी खोली बांधली जात असेल, तर सळया बांधून झाल्यावर आणि फळ्या ठोकण्यापूर्वी अभियंत्याला बोलावण्याचा आग्रह धरा. सोबत मुलांनाही न्या आणि नकाशात दाखवलेल्या व खांबात घातलेल्या रिंगा त्यांना सुरक्षित अंतरावरून मोजू द्या. त्या खोलीत बसणार आहेत तीच.