कोरडवाहू नवोन्मेष

उद्योगपरिषदांच्या मंचावरून तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रमुख ज्या शब्दाचा सर्वांत जास्त उच्चार करतात, त्या 'इनोव्हेशन'साठी मराठीत रूढ होत चाललेला 'नवोन्मेष' हा प्रतिशब्द मुळात काव्यशास्त्राच्या घरचा आहे. उन्मेष म्हणजे पापणी किंवा कळी उघडणे, आणि भट्टतौताने प्रतिभेची व्याख्या केली ती याच शब्दाच्या आधाराने. अर्थशास्त्रात या कल्पनेला जोसेफ शुम्पीटर याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगळे वळण दिले आणि शोध व नवोन्मेष यांत भेद केला. नवी गोष्ट सुचणे किंवा सापडणे हा शोध होय. ती उत्पादनाच्या व्यवहारात रुजून जुनी रीत मागे पडणे हा नवोन्मेष होय. परिषदांतील भाषणांत हा भेद सहसा पुसला जातो, कारण मंचावर शोध दाखवता येतो, रुजणे मात्र दाखवता येत नाही. त्याला हंगाम लागतात.

महाराष्ट्राच्या शेतीचा अशा भाषणांतील सर्वांत गाजलेला अलीकडचा उल्लेख 2025 च्या आरंभीचा आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जानेवारीत बंगळुरू येथे भारतात 3 अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बारामतीच्या ऊस उत्पादकांचे उदाहरण जगापुढे मांडले. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने या कंपनीच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. त्यात जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा यांची माहिती एकत्र करून पाणी केव्हा व किती द्यावे, खत कोठे कमी पडते, कोणत्या भागात रोगाची शक्यता आहे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवला जातो. राज्य मंत्रिमंडळानेही जून 2025 मध्ये 2025 ते 2029 या काळासाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद ठरवली. मंचावरचे बोलणे शासनाच्या कागदावर इतक्या लवकर उतरल्याची उदाहरणे शेतीत थोडीच आढळतील.

बारामतीच्या प्रयोगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो कोणत्या जमिनीवर उभा आहे हे पाहिल्यावाचून त्याची नक्कल करणे धोक्याचे ठरते. ऊस हे बारमाही, ओलिताचे आणि कारखान्याला बांधलेले पीक आहे. ओलावा कमी झाल्याचे संवेदकाने कळवले, की शेतकऱ्याला ठिबकचा कॉक उघडता येतो आणि ओलावा पुरेसा असल्याचे कळवले, की बंद ठेवता येतो. माहितीला किंमत येते ती तिच्यावर कृती करण्याचे साधन हाताशी असते म्हणून. ज्याच्या शेतात कॉकच नाही, त्याला जमीन कोरडी पडल्याचे मोबाइलवरून कळण्याने काय साधणार? ते त्याला पायाखालची भेग आधीच सांगत असते.

परभणी जिल्ह्यातील बहुसंख्य शेतकरी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यातून जातो, त्यामुळे पाथरी-मानवतच्या पट्ट्यात ऊस दिसतो, आणि जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तरी जिल्ह्याचे खरे पीकचित्र सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी आणि हरभरा या कोरडवाहू पिकांचेच आहे. इथली काळी भारी जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून खोल भेगाळते. पाऊस लागून राहिला तर तिच्यात पाणी साचून मुळे गुदमरतात, आणि उघडीप लांबली तर भेगांतून ओल उडून जाते. पेरणीयोग्य मध्यम ओलीच्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात, आणि तो कधी अवघे दोन-तीन दिवसच टिकतो.

अशा शेतीत शेतकऱ्याच्या हाती असलेले निर्णय मोजकेच असतात: कोणते वाण घ्यायचे, केव्हा पेरायचे, रान कोणत्या आकाराचे करायचे आणि फवारणी केव्हा उरकायची. जो नवोन्मेष यांपैकी एखादा निर्णय सुधारतो तोच इथे रुजतो, आणि या दृष्टीने पाहता परभणीचा नवोन्मेषाचा इतिहास बराच जुना आहे. निजामाच्या राजवटीत 1918 मध्ये येथे प्रायोगिक शेती क्षेत्र सुरू झाले, 1956 मध्ये कृषी महाविद्यालय आले आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला 2013 पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण जिल्ह्याबाहेर थट्टेने आणि जिल्ह्यात अभिमानाने उच्चारली जाते. बियाण्याच्या बाबतीत तरी ती अगदीच पोकळ नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा भेंडीत सापडतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटण्याचा एक विषाणुजन्य रोग आहे, ज्याला शेतकरी केवडा किंवा हळद्या म्हणतात. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि एकदा लागला की कोणत्याही औषधाने बरा होत नाही, कारण फवारणीने माशी मारता येते, झाडात शिरलेला विषाणू मारता येत नाही. देशभर लोकप्रिय असलेले 'पुसा सावनी' हे वाण या रोगापुढे टिकेनासे झाले, तेव्हा परभणीच्या विद्यापीठातील एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या रानटी नातेवाईक प्रजातीशी 'पुसा सावनी'चा संकर केला. दोन भिन्न प्रजातींच्या संकरातून येणारी झाडे बहुधा वांझ निघतात किंवा रानटी गुण घेऊन येतात, म्हणून मिळालेल्या संततीचा मूळ भेंडीशी पुन्हा संकर करत आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत जावे लागते. रानटी प्रजातीतून हवी असते फक्त रोगप्रतिकारक्षमता. बाकी सारे मागे सोडून द्यायचे असते. या खटाटोपातून ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'परभणी क्रांती' हे वाण बाहेर पडले आणि ते मराठवाड्यापुरते न राहता देशात दूरवर लावले गेले. जिल्ह्याचे नाव असे बियाण्याच्या पुडीवर छापून गेले, ते कोणत्याही परिषदेत पडदा बाजूला सारून झालेल्या अनावरणामुळे नव्हे.

परिषदा परभणीतही भरतात, मात्र त्यांचे स्वरूप निराळे असते. राज्यातील राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समिती, जिला व्यवहारात 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात, दरवर्षी बैठक घेते. तिथे शास्त्रज्ञ आपले नवे वाण, अवजार किंवा लागवडीची पद्धत अनेक हंगामांच्या आकडेवारीसह मांडतात आणि बाकीचे ती उलटतपासतात. निकषावर न उतरलेली गोष्ट परत पाठवली जाते आणि उतरलेलीला 'शिफारस' हे नाव मिळते. हा शब्द रुक्ष आहे खरा, पण घोषणेपेक्षा त्याची जबाबदारी मोठी आहे. दुसरा प्रकार मेळाव्यांचा. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, 18 मे रोजी, खरीप मेळावा भरतो आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबरला, रब्बी मेळावा. भाषणे तिथेही होतात आणि ती लांबतातही. परंतु गर्दीचा मोठा भाग बियाणे विक्रीच्या रांगेत असतो, आणि चर्चासत्रात शास्त्रज्ञाला अडवून प्रश्न विचारणारा श्रोता हा त्या तंत्रज्ञानाची परीक्षा स्वतःच्या रानात घेऊन आलेला असतो.

यंत्रमानव आणि ड्रोनही या आवारात आलेले आहेत. जागतिक बँक आणि केंद्र सरकार यांनी निम्मा-निम्मा वाटा उचललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत परभणीला रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांच्या साह्याने डिजिटल शेतीचे प्रशिक्षण देणारा प्रकल्प मिळाला, आणि त्याच आवारात पशुशक्तीचा योग्य वापर या विषयावरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्प बैलचलित अवजारे घडवत असतो. बाहेरच्याला ही विसंगती वाटेल. प्रत्यक्षात ज्या जिल्ह्यात दोन एकरवालाही शेतकरी आहे आणि मजुरांअभावी फवारणी खोळंबणाराही आहे, तिथे दोन्हींची गरज आहे. ड्रोनची उपयुक्तता तर कोरडवाहूच्या मोजक्या निर्णयांपैकी एकाशी थेट जोडलेली आहे. ऐन पावसाळ्यात काळ्या रानात चिखलामुळे ना ट्रॅक्टर शिरतो ना पाठीवरचा पंप घेतलेला माणूस, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीनवर अळी पडते. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये, अनुदान देण्यामागेही मालकीपेक्षा भाड्याने सेवा देण्याचीच कल्पना आहे.

त्या तुलनेत सोयाबीनचे वाण मुकाट्याने पसरते. 'एमएयूएस 71', 'एमएयूएस 158' किंवा हार्वेस्टरने काढता येणारे 'एमएयूएस 162' यांच्या नावातील आद्याक्षरांत विद्यापीठाचे नामांतरापूर्वीचे इंग्रजी नाव अजून जिवंत आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने, म्हणजे त्याच्या फुलात परागीभवन आपोआप आतल्या आत होत असल्याने, घरचे बियाणे पुढच्या वर्षी वापरले तरी वाणाचा गुण फारसा बिघडत नाही. प्रमाणित बियाण्याची निळ्या खुणचिठ्ठीची एक पिशवी घेतलेला शेतकरी दुसऱ्या वर्षी भावकीला आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावातील पाहुण्यांना बियाणे देतो, आणि हा प्रसार कोणत्याही विक्रीच्या आकड्यात येत नाही. घरच्या बियाण्याची चाचणीही घरीच होते: मेअखेरीस ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सात-आठ दिवसांनी उलगडून मोड मोजायचे, आणि ते 70 किंवा जास्त भरले तर हेक्टरी 75 किलो बियाणे धरायचे, कमी भरले तर त्या हिशेबाने बियाणे वाढवायचे, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत तिफण हलवायची नाही.