चीज ताणतं, पनीर हटून बसतं

परवा रविवारी माझी भाची कोथरूडला आमच्याकडे आली, ती चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मावशी, आज चीजवाला बटाटा!"

सहा बटाटे कुकरला लावले. उकडल्यावर त्यांचे दोन-दोन भाग करून चमच्याने आतला गर कोरला, की झाल्या बारा वाट्या तयार. गरात लोणी, मीठ, मिरपूड, कोथिंबीर घालून तो पुन्हा वाट्यांत भरला. आता वरून मोझरेला किसायचं. पण किसलेल्यातलं निम्मं बाईसाहेबांच्या तोंडात जात होतं, त्यामुळे आठव्या वाटीलाच चीज संपलं! उरलेल्या चारांवर मी पनीर किसलं. म्हटलं, दोन्ही दुधाचंच की.

ओव्हन 200 अंशांवर ठेवला, वेळ 15 मिनिटं. आम्ही दोघी काचेसमोर उकिडव्या. मोझरेलाला आधी जरा घाम फुटला, मग त्याचा कीस एकमेकांत विरघळला, बुडबुडे आले आणि त्यांच्या टोकांवर तपकिरी ठिपके उमटले. आणि पनीर? ढिम्म! कडा तेवढ्या खरपूस झाल्या, बाकी कीस टाकला तसाच.

"मावशी, पनीर वितळायला विसरलं का गं?"

विसरलं नाही, त्याला ते जमतच नाही. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो. एकीकडून आंबटपणा, दुसरीकडून उष्णता! दुधातली प्रथिनं घाबरल्यासारखी एकमेकांना घट्ट बिलगतात. ही मिठी पुन्हा तापवून सुटत नाही. म्हणून तर मटार-पनीरचा रस्सा कितीही उकळा, तुकडे शाबूत राहतात.

मोझरेलाचं दूध मात्र कोमटच असतं. त्यात विरजण आणि रेनेट नावाचं एन्झाइम घालतात. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अगदी बारीक गोळे तरंगत असतात आणि त्यांच्या अंगावर लव असते. रेनेट ही लव भादरून टाकतं! मग गोळे एकमेकांना चिकटून त्यांचं जाळं होतं आणि कॅल्शियम ते धरून ठेवतं. विरजणातले जिवाणू हळूहळू आंबटपणा वाढवतात, तसं थोडं कॅल्शियम निघून जातं आणि जाळं जरासं सैल पडतं. शेवटी तो गोळा गरम पाण्यात मळून लांब लांब ओढतात, की आतले धागे एका दिशेला लागतात. ओव्हनमध्ये हे धागे साखळीच्या खेळातल्या मुलांसारखे वागतात. सरकतात, लांबतात, पण हात सोडत नाहीत.

आणखी एक गंमत. भाजीवाल्याने बटाटे देताना सांगितलं होतं, "सातगाव पठारचा माल आहे, ताई." चीजच्या पाकिटावर बघितलं तर पत्ता मंचरचा. म्हणजे दोघंही पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचे! तसा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो इकडे आणला आणि त्याचं नावही आपल्याला त्यांच्याच भाषेतून मिळालं. पण इतक्या पिढ्यांनंतर त्याला पाहुणा कोण म्हणणार?

वाट्या बाहेर आल्या. भाचीने पहिली उचलली, घास तोडला आणि तार निघाली. ती वाढतच चालली, तशी मी शिवणाच्या डब्यातली टेप आणायला धावले. 41 सेंटीमीटर! दुसऱ्या वाटीची तार मोजेपर्यंत आमच्या गप्पांत पाच-सहा मिनिटं गेली होती. ती 12 वरच तुटली. गार होताना वितळलेली चरबी पुन्हा घट्ट होते आणि धाग्यांना सरकायला वाव उरत नाही.

"म्हणजे विज्ञान गरम असतानाच खायचं," असं म्हणत तिने तिसरी वाटी उचलली. पनीरच्या चारही वाट्या तोवर आजोबांनी हिरव्या चटणीबरोबर संपवल्या होत्या.