कपॅसिटर कोण खातंय?

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचे वाचन चालू असता एक वयस्कर सभासद उठले आणि दुरुस्ती-देखभालीच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, ह्यो कपॅसिटरचा खर्च दर साली कसा? जळत्यात, का कोण खातंय?" सभेत हशा पिकला. आम्ही पॉवर हाऊसची मंडळी मागे बसलो होतो. आम्हाला काही हसू आले नाही. प्रश्न रास्त होता. सभेत दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून येथे देत आहोत.

कपॅसिटर बागाईतदाराला नवा नाही. विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी अनेकांनी तो बसवलेला आहे. मोटर आपल्या चुंबकत्वासाठी जो जादा करंट लाईनीवरून घेते-सोडते, तो कपॅसिटर जागच्या जागी भागवतो. पॉवर फॅक्टर सुधारतो, तारेवरचा बोजा उतरतो. कारखान्यात हेच काम कपॅसिटरच्या बँका करतात, आणि साध्या मोटारींच्या काळात त्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालल्या.

मग बदलले काय? तर मोटारी चालवण्याची रीत. केन कॅरिअर, मिल, सेंट्रिफ्युगल, बॉयलरचे पंखे हे सारे आता इलेक्ट्रॉनिक ड्राईव्हवर चालते. हवा तेवढाच वेग देता येतो. पंखा 80 टक्के वेगाने फिरवला, तर त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. वाचलेली वीज विक्रीला जाते, त्याचा पैसा सभासदांचाच. तेव्हा ड्राईव्ह बसवले ही चूक नव्हे. उद्या पुन्हा विचारले तरी आम्ही बसवाच म्हणू.

पण ड्राईव्ह वीज घेतो कशी? साधी मोटर चांगल्या बैलासारखी एकसारखी ओढते. ड्राईव्ह मात्र आलेली ए.सी. वीज आधी डी.सी. करून घेतो, आणि ते करताना लाटेच्या शेंड्याशी हबके मारून करंट ओढतो. धसके देणारा बैल जुवाला असला की खांदा सुजतो तो जोडीदाराचा. इथे जोडीदार म्हणजे कपॅसिटर.

आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. हबक्यांमुळे तिच्यात 250, 350, 550, 650 हेलकाव्यांचे करंट मिसळतात. म्हणजे पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट. यांना हार्मोनिक्स म्हणतात. हेलकावा जितका जलद, तितकी कपॅसिटरची वाट मोकळी. 250 च्या करंटला तो 50 च्या मानाने पाचवा हिस्साच अडथळा करतो, म्हणून हा करंट त्याच्याकडेच धावतो. त्यात कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांची मिळून स्वतःची एक लय असते. ती या आकड्यांपैकी एखाद्याशी जुळली, की झोपाळ्याला ठेक्यात झोके दिल्यासारखे होते. थोड्या हबक्याने मोठा झोका. कपॅसिटर तापतो, फुगतो, फुटतो.

आता आमची चूक. दोन हंगाम आम्ही मालाला दोष देत राहिलो. कंपनी बदलली, पॅनेलला थंड हवेचे पंखे लावले. क्लॅम्प मीटर लावला तर करंट बरोबर दिसायचा. पण तो साधा मीटर लाट गुळगुळीत आहे असे धरूनच आकडा सांगतो. वेडीवाकडी लाट असली की कमी दाखवतो. ऐन हंगामात एका रात्री बँक फुटून फीडर ट्रिप झाला, मिल थांबली, यार्डात उसाच्या गाड्या खोळंबल्या. त्यानंतर खरा आकडा दाखवणारा, ज्याला ट्रू आर.एम.एस. म्हणतात तो मीटर आणला. कपॅसिटरवर नेमप्लेटच्या बाहेर करंट वाहत होता. हा मीटर पहिल्याच हंगामात आणायला हवा होता.

उपाय म्हणून बिगर हंगामात प्रत्येक बँकेला 7 टक्क्यांचा रिॲक्टर जोडला. त्याने जोडीची लय 189 च्या आसपास, म्हणजे 250 च्या खाली जाते आणि ठेका जुळत नाही. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवर व्होल्टेज वाढते, म्हणून कपॅसिटरही 525 व्होल्टचे घ्यावे लागले. खर्च झाला, तो अहवालात दिसेलच. यात हबके नाहीसे होत नाहीत, कपॅसिटर वाचतो इतकेच. हबके जिरवायचे तर फिल्टर लागतात. त्याची दरपत्रके मागवली आहेत.

घरची गोष्टही थोडी सांगतो. टी.व्ही., चार्जर, इन्व्हर्टर, एल.ई.डी. दिवे असेच हबके मारतात. त्यांचा तिप्पट हेलकाव्याचा करंट तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये साठतो. एरवी तिन्ही फेज सारख्या असल्या की न्यूट्रल मोकळी असते. डी.पी.वरचा न्यूट्रलचा सांधा ढिला असेल तर तो तापून तुटतो, आणि कमी बोजाच्या फेजवर 230 ऐवजी 350 व्होल्टही येऊ शकतात. मग घराघरांतले टी.व्ही. जातात. (सगळा दोष टी.व्ही.चा नव्हे. आकडे टाकणाऱ्यांवर लिहायचे तर वेगळा अंक काढावा लागेल.) सांधा तपासायला वायरमनला सांगा, स्वतः डी.पी.वर चढू नका.

पंपावर ड्राईव्हचे पॅनेल बसवणाऱ्यांनी मात्र एवढे कराच: मोटारीला जोडलेला जुना कपॅसिटर आधी काढून टाका. साध्या मोटारीला तो उपकारक; ड्राईव्ह आणि मोटर यांच्यामध्ये राहिला तर ड्राईव्हच जळतो. काढलेला कपॅसिटर लगेच हातात घेऊ नये, त्यात वीज साठलेली असते. शंका असेल त्यांनी पॅनेलचा कागद घेऊन पॉवर हाऊसवर यावे. हंगामात आम्ही तिन्ही पाळ्यांत तेथेच असतो.